विश्लेषण : मुरुमांच्या जेलमध्ये कुष्ठरोगाचे औषध कसे? बाबा आमटे यांच्या आयुष्यातून समजून घ्या

चेहऱ्यावरच्या मुरुमांसाठी दिले जाणारे डॅप्सोन हे मुळात कुष्ठरोगाचे औषध. ते जनुकांच्या पातळीवर काय करते? कुष्ठरोग घराण्यातून येतो हा समज कसा खोटा ठरला? आणि वरोऱ्याच्या एका वकिलाने या रोगाचे जंतू स्वतःच्या अंगात का टोचून घेतले?

खामगाव असो की चिखली, मेहकर असो की मलकापूर, चेहऱ्यावर मुरूम आले की कॉलेजातली मुले-मुली आधी घरगुती उपाय करतात. मग मेडिकलवरून एखादी ट्यूब आणतात आणि शेवटी त्वचारोगतज्ज्ञांकडे जातात. तिथे मिळालेल्या चिठ्ठीवर कधी कधी डॅप्सोन जेल हे नाव असते. घरी येऊन मोबाइलवर नाव शोधले की लगेच कुष्ठरोग हा शब्द दिसतो. ट्यूब बाजूला ठेवली जाते आणि घरात कुजबुज सुरू होते.

त्वचेवर काही दिसले की आजाराआधी भीती पसरते, हे बुलढाणा जिल्ह्याला नवे नाही. जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्यातील काही गावांत लोकांचे केस अचानक गळू लागले. कारण शोधायला तज्ज्ञांची पथके आली, पण कारण कळण्याआधीच धास्ती गावोगाव पोहोचली होती. कुष्ठरोगाच्या बाबतीत ही धास्ती शेकडो वर्षे टिकली. ती मोडण्यासाठी विदर्भाच्याच दुसऱ्या टोकाला एका माणसाने आयुष्य घालवले. डॅप्सोनची गोष्ट समजून घ्यायची तर सुरुवात त्याच्यापासून करावी लागते.

मुरलीधर आमटे कोण होते?

मुरलीधर देविदास आमटे यांचा जन्म २६ डिसेंबर १९१४ रोजी वर्धा जिल्ह्यातील हिंगणघाट येथे झाला. घर सधन होते, वडील सरकारी नोकरीत होते. बाबा हे त्यांचे घरातले लाडाचे नाव. ते साधुत्वातून आलेले नाही, बालपणीच पडलेले आहे. शिकार, मोटार आणि सिनेमा यांचा त्यांना शौक होता. इंग्रजी चित्रपटांवर ते लिहीत असत.

नागपुरात कायद्याचे शिक्षण घेऊन त्यांनी वरोऱ्यात वकिली सुरू केली आणि ती चांगली चालली. १९४२ च्या चळवळीत पकडलेल्या कार्यकर्त्यांचे खटले त्यांनी लढवले, स्वतःही तुरुंगात गेले. सेवाग्रामच्या सहवासाने त्यांचे राहणीमान बदलले. रेल्वेत एका महिलेची छेड काढणाऱ्या गोऱ्या सैनिकांना ते एकटे भिडले, तेव्हा गांधीजींनी त्यांना अभय साधक असे नाव दिले. १९४६ मध्ये इंदू घुले यांच्याशी त्यांचा विवाह झाला. त्याच पुढे साधनाताई म्हणून ओळखल्या गेल्या.

वरोरा नगरपालिकेचे उपाध्यक्ष असताना त्यांनी सफाई कामगारांचा प्रश्न हाती घेतला. त्यांचे काम कळावे म्हणून स्वतः मैल्याची टोपली डोक्यावर घेतली. अशा माणसाला कशाचीच भीती नसेल, असे कुणालाही वाटले असते. त्यांना स्वतःलाही तसेच वाटत होते.

तुळशीराम भेटला त्या रात्री काय झाले?

एका पावसाळी रात्री घरी परतताना रस्त्याकडेच्या गटारात त्यांना एक माणूस पडलेला दिसला. तो कुष्ठरोगाच्या शेवटच्या अवस्थेत होता. त्याच्या जखमांत किडे पडले होते. त्याचे नाव तुळशीराम. त्याला पाहून आमटे घाबरले आणि तिथून निघून गेले.

घरी पोहोचल्यावर मात्र त्यांना स्वस्थ बसवेना. तुळशीरामपेक्षा आपली भीती त्यांना जास्त सलू लागली. ते परत गेले, त्याला आडोसा करून दिला, खाऊ घातले, त्याची सेवा केली. तुळशीराम वाचला नाही. पण ज्या भीतीने आपल्याला पळवले तिच्यासोबतच आता राहायचे, हे बाबांनी ठरवले. त्यांनी कुष्ठरोगाचा अभ्यास सुरू केला आणि वरोऱ्याच्या कुष्ठरोग दवाखान्यात जखमा धुण्याचे काम पत्करले.

रोग घराण्यातून येतो, हा समज कुठून आला?

ही अडाणी लोकांची समजूत होती असे म्हणणे बरोबर नाही. एकोणिसाव्या शतकातले मोठे डॉक्टरही तेच मानत. नॉर्वेतील डॅनियलसन हे त्या काळातले कुष्ठरोगाचे नामवंत तज्ज्ञ. हा रोग आनुवंशिक आहे असे त्यांचे मत होते. त्यांनी रुग्णांच्या अंगातला स्राव स्वतःला टोचून घेतला. रोग झाला नाही, त्यामुळे तो संसर्गजन्य नाही हे त्यांचे मत पक्के झाले.

त्यांचेच जावई गेरहार्ड हॅन्सन यांनी १८७३ मध्ये रुग्णांच्या गाठींत काडीसारखे जंतू पाहिले आणि रोगाचे कारण हे जंतू आहेत असे मांडले. कुष्ठरोगाचा जंतू मायकोबॅक्टेरियम लेप्रे तो हाच.

तरीही हा समज का टिकला? कारण या जंतूची चाल फार संथ आहे. पोटात बिघाड करणारे काही जंतू २०-२५ मिनिटांत दुप्पट होतात. कुष्ठरोगाच्या जंतूला दुप्पट व्हायला सुमारे दोन आठवडे लागतात. संसर्ग झाल्यावर पहिला चट्टा दिसायला कित्येक वर्षे जातात. एकाच घरात राहणाऱ्या आजोबांना आधी आणि नातवाला दहा वर्षांनी चट्टा आला, तर पाहणाऱ्याला तो वारसाच वाटणार. प्रत्यक्षात नातवाला आजोबांची जनुके बाधलेली नसतात. उपचाराविना राहिलेल्या रुग्णाच्या दीर्घ सहवासात त्याच्याकडे जंतू आलेला असतो.

बाबांनी जंतू का टोचून घेतले?

१९४९ मध्ये बाबा आमटे कलकत्त्याच्या स्कूल ऑफ ट्रॉपिकल मेडिसिनमध्ये कुष्ठरोगाचे शिक्षण घ्यायला गेले. तेव्हा संशोधकांसमोर एक मोठी अडचण होती. बहुतेक जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढवता येतात आणि त्यांच्यावर औषध तपासता येते. कुष्ठरोगाचा जंतू बशीत वाढतच नाही. उंदराच्या पायाच्या तळव्यात तो वाढवण्याची पद्धत १९६० मध्ये सापडली. १९४९ मध्ये तीही नव्हती. माणसाच्या शरीरात तो वाढतो का, हे पाहण्यासाठी निरोगी माणूस हवा होता.

बाबांनी आपले शरीर पुढे केले. घरी पत्नी होती, दोन लहान मुलगे होते, आणि त्या काळी हा रोग होणे म्हणजे समाजातून कायमचे उठणे होते. त्यांना जंतू टोचण्यात आले. पण रोग रुजला नाही.

मग रोग का झाला नाही?

जंतू बशीत का वाढत नाही, याचे उत्तर २००१ मध्ये त्याची संपूर्ण जनुकीय संहिता वाचली गेली तेव्हा मिळाले. क्षयरोगाचा जंतू हा त्याचा जवळचा भाऊ. त्याच्याकडे सुमारे ४,००० कामाची जनुके आहेत. कुष्ठरोगाच्या जंतूकडे जेमतेम १,६०० उरली आहेत, आणि १,१०० च्या आसपास जनुके मोडकळीला येऊन बंद पडली आहेत. स्वतःचा संसार चालवण्याची बरीच साधने त्याने गमावली आहेत. म्हणून त्याला जिवंत पेशीचाच आसरा लागतो. विशेषतः मज्जातंतूंभोवतीच्या पेशींत तो घर करतो.

बाबांना रोग का झाला नाही, याचे उत्तर माणसाच्या बाजूला आहे. सुमारे ९५ टक्के लोकांची प्रतिकारशक्ती हा जंतू मुळातच परतवून लावते. २००९ मध्ये चीनमध्ये झालेल्या मोठ्या अभ्यासात जंतूची चाहूल घेणारी काही मानवी जनुके या बचावाशी जोडलेली आढळली. त्यांच्यातल्या फरकामुळे धोका थोडा कमी-जास्त होतो. पण जंतू आल्याशिवाय रोग होत नाही. डॅनियलसन आणि बाबा या दोघांनाही टोचून घेऊन रोग झाला नाही. डॅनियलसन यांनी त्यातून चुकीचा निष्कर्ष काढला. बाबा मात्र परत येऊन रुग्णांसोबत राहायला गेले.

आनंदवन कसे उभे राहिले?

महारोगी सेवा समितीची स्थापना १९४९ ची. वरोऱ्याजवळची खडकाळ, झुडपी जमीन मिळाल्यावर १९५१ मध्ये बाबा आणि साधनाताई तिथे राहायला गेले. सोबत दोन लहान मुलगे विकास आणि प्रकाश, सहा कुष्ठरुग्ण, एक लंगडी गाय, कुत्रे आणि हातात १४ रुपये होते. पहिले काम होते विहीर खणण्याचे. बोटे झडलेल्या हातांनी ती खणली गेली.

इथे एक गैरसमज दूर करायला हवा. जंतू बोटे खात नाही. तो मज्जातंतू बधिर करतो. चटका बसला, काटा रुतला तरी कळत नाही, जखम चिघळत जाते आणि बोट आखडते किंवा झिजते. वेळेवर औषध मिळाले तर हे सगळे टळते. बाबांनी वरोऱ्याच्या परिसरात साप्ताहिक दवाखाने चालवले ते याचसाठी.

आनंदवनात पिकलेला भाजीपाला बाजारात नेला तेव्हा सुरुवातीला गिऱ्हाईक मिळेना. १९५० च्या दशकात सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल या संस्थेचे परदेशी स्वयंसेवक तिथे राहून, रुग्णांसोबत जेवून इमारती बांधू लागले. ते पाहून गावकऱ्यांची भीड चेपली. १९६४ मध्ये आनंदवनात महाविद्यालय सुरू झाले. ज्यांच्याकडे कुणी फिरकत नव्हते, त्यांच्या वस्तीत गावातली मुले शिकायला येऊ लागली. १९७३ मध्ये भामरागडजवळ हेमलकसा येथे माडिया आदिवासींसाठी लोकबिरादरी प्रकल्प उभा राहिला.

डॅप्सोन जंतूच्या जनुकांपर्यंत कसे पोहोचते?

बाबा या कामात उतरले त्याच सुमारास सल्फोन गटातली औषधे भारतात येत होती. त्याआधी रुग्णांना चौलमुग्रा तेलाची वेदनादायी इंजेक्शने घ्यावी लागत आणि गुण बेताचाच येई. डॅप्सोन हे रसायन जर्मनीत १९०८ मध्येच तयार झाले होते, पण कुष्ठरोगावर ते चालते हे कळायला १९४० चे दशक उजाडले.

ते काय करते? जंतूला वाढायचे असेल तर आपल्या डीएनएची नक्कल काढावी लागते. डीएनएची अक्षरे तयार करायला फोलेट लागते. आपल्याला फोलेट मेथी, पालक, हरभरा अशा अन्नातून मिळते. या जंतूला ते स्वतः बनवावे लागते. त्यासाठी तो पॅरा-अमिनोबेन्झोइक आम्ल हा कच्चा माल वापरतो.

डॅप्सोनचा रेणू दिसायला अगदी या कच्च्या मालासारखा असतो. पेरणीच्या हंगामात बोगस बियाणे घरात येते तसाच हा प्रकार. पिशवी तीच, दाणा तसाच, पण तासात पडला की उगवत नाही आणि खऱ्या बियाण्याची जागा अडवून बसतो. जंतूचे विकर, म्हणजे एन्झाइम, डॅप्सोनला खरा माल समजून धरते आणि अडकते. फोलेट बनत नाही, डीएनएची अक्षरे अपुरी पडतात, वाढ थांबते. आपले शरीर फोलेट बनवतच नाही, म्हणून हा फटका जंतूला बसतो, आपल्याला नाही.

एकच गोळी अपुरी का पडली?

डॅप्सोन जंतूंची वाढ रोखते, पण त्यांना झपाट्याने मारत नाही. म्हणून गोळी वर्षानुवर्षे, काहींना आयुष्यभर घ्यावी लागे. त्या काळात काही जंतूंनी पळवाट शोधली. ते विकर तयार करण्याची कृती फोलपी-१ या जनुकात असते. त्यातले एखादे अक्षर बदलले की विकराचा आकार किंचित बदलतो आणि त्याला खरे-खोटे ओळखता येते. पोळलेला शेतकरी पुढच्या वर्षी बियाणे पारखून घेतो, तसे. डॅप्सोनला न जुमानणारे जंतू १९६० च्या दशकात सिद्ध झाले.

यावर उपाय म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञ गटाने १९८१ मध्ये बहुविध औषधोपचार सुचवला. त्यात डॅप्सोन, क्लोफाझिमिन आणि रिफाम्पिसिन ही औषधे एकत्र आली. यातले रिफाम्पिसिन वेगळ्या जागी घाव घालते. तहसीलमध्ये मूळ रेकॉर्ड कपाटात राहते आणि कामासाठी त्याची नक्कल दिली जाते. पेशीतही तसेच असते. डीएनए हे मूळ रेकॉर्ड आणि आरएनए ही नक्कल. रिफाम्पिसिन नक्कल काढणारे यंत्रच जाम करते. एकाच जंतूत सगळ्या औषधांविरुद्धचे बदल एकाच वेळी होण्याची शक्यता अगदी कमी, म्हणून औषधे एकत्र दिली जातात. आयुष्यभराचा उपचार सहा किंवा बारा महिन्यांवर आला.

मुरुमांवर हेच औषध का?

मुरुमात तेलग्रंथीचे तोंड बंद होते, त्यात क्युटिबॅक्टेरियम अ‍ॅक्नेस हे जंतू वाढतात आणि पांढऱ्या पेशी तिथे धावून येतात. लाली, सूज, ठणका ही त्या धुमश्चक्रीची खूण असते. डॅप्सोनचा दुसरा गुण इथे कामी येतो. ते पांढऱ्या पेशींचा मारा सौम्य करते. म्हणजे जेलमधले डॅप्सोन मुख्यतः जंतूच्या जनुकांवर नव्हे, तर आपल्या दाहावर काम करते असे मानले जाते. अमेरिकेत मुरुमांसाठी या जेलला २००५ मध्ये मान्यता मिळाली. ते चेहऱ्याला लावल्याने कुष्ठरोग होत नाही आणि ते लिहून दिले म्हणजे कुष्ठरोग आहे असेही नाही.

मुरुमांवरची काही औषधे मात्र थेट मानवी जनुकांशी बोलतात. अ‍ॅडापालिन जेल आणि आयसोट्रेटिनॉइन गोळी ही व्हिटॅमिन ए च्या कुळातली. पेशीच्या केंद्रकातल्या ग्राहकांमार्फत ती काही जनुके चालू आणि काही बंद करतात. त्यामुळे छिद्रे बुजत नाहीत. आयसोट्रेटिनॉइनने तेलग्रंथीही आकसतात. गर्भाची घडणही याच जनुकांच्या चालू-बंद होण्यावर अवलंबून असते, म्हणून गरोदरपणात आयसोट्रेटिनॉइन घेणे अत्यंत धोक्याचे आहे.

आपली जनुके कुठे आडवी येतात?

डॅप्सोनची गोळी घेताना दोन ठिकाणी. एक, जी६पीडी हे जनुक. ते एक्स गुणसूत्रावर असते. त्यात दोष असेल तर गोळीमुळे लाल रक्तपेशी फुटून कावीळ आणि रक्तक्षय होऊ शकतो. पुरुषांत एकच एक्स असल्याने हा दोष त्यांच्यात जास्त दिसतो, आणि भारतातील काही आदिवासी समाजांत त्याचे प्रमाण अधिक आहे. दोन, एचएलए-बी*१३:०१ हा जनुकप्रकार. तो असलेल्यांना ताप, पुरळ, यकृताला सूज अशी तीव्र अ‍ॅलर्जी होण्याचा धोका बराच जास्त असतो, हे २०१३ मध्ये चिनी रुग्णांवरील अभ्यासात दिसले. जेलमधून रक्तात फार थोडे औषध जाते, तरीही आधी कधी अशी तक्रार झाली असेल तर डॉक्टरांना सांगावे. बेन्झॉइल पेरॉक्साइड सोबत लावल्यास त्वचेवर तात्पुरता पिवळा डाग पडू शकतो.

बाबांनंतर काय बदलले?

पाठीच्या कण्याच्या दुखण्यामुळे बाबांना पुढे बसणेही अशक्य झाले. ते उभे असत किंवा आडवे. तशा अवस्थेत १९८५ मध्ये त्यांनी कन्याकुमारी ते काश्मीर भारत जोडो यात्रा केली. नंतरची अनेक वर्षे ते नर्मदेच्या काठी राहिले. मॅगसेसे, पद्मविभूषण, टेम्पल्टन असे सन्मान मिळाले. ९ फेब्रुवारी २००८ रोजी आनंदवनात त्यांचे निधन झाले आणि तिथल्याच मातीत त्यांचे दफन करण्यात आले.

रुग्णांना वेगळे काढणारा १८९८ चा कायदा २०१६ मध्ये रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण मानण्याची तरतूद २०१९ मध्ये वगळण्यात आली. पूर्ण बरा होणारा रोग संसार मोडायला पुरेसा धरणारी ही तरतूद बाबांच्या निधनानंतरही ११ वर्षे टिकली. देशात दर दहा हजारांमागे एकापेक्षा कमी रुग्ण हे उद्दिष्ट २००५ च्या अखेरीस गाठले गेले. पण जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच सापडतात. त्यातले काही उशिरा सापडतात, कारण चट्टा लपवला जातो.

काय लक्षात ठेवावे?

• त्वचेवर फिकट किंवा लालसर चट्टा आणि तिथे स्पर्श, उष्णता किंवा वेदना न कळणे, हे मुख्य लक्षण. मुरूम दुखतो, हा चट्टा दुखत नाही. म्हणूनच तो दुर्लक्षिला जातो.
• असा चट्टा दिसल्यास आशाताईंना सांगा किंवा जवळच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवा. सर्व औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.
• उपचार सुरू झाल्यावर थोड्याच काळात रुग्णाकडून संसर्ग होण्याची शक्यता जवळपास संपते. त्याला घरापासून वेगळे ठेवण्याची गरज नाही.
• गोळ्यांचा कोर्स मध्येच सोडू नका. अर्धवट उपचारातून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात.
• घरात एखाद्याला कुष्ठरोग झाला होता म्हणून मुला-मुलीचे लग्न अडवण्याला कोणताही वैद्यकीय आधार नाही. घरातल्यांची एकदा तपासणी करून घेणे मात्र शहाणपणाचे आहे.

डॅप्सोनचे नाव मोबाइलवर वाचून ट्यूब बाजूला ठेवणारा आणि तुळशीरामला पाहून त्या रात्री निघून गेलेला वकील, दोघांनाही पहिल्यांदा भीतीच वाटली. वकील परत फिरला. चट्टा लपवून बसलेला माणूस आपल्या घरात किंवा शेजारी असेल, तर त्याला आरोग्य केंद्रापर्यंत सोबत नेणे एवढे तरी आपल्या हातात आहे.